पांढरे मागे, जांभळे पुढे

"पिवळा नको. पिवळा अगदीच चीप दिसतो," तेजश्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलवर बोट सरकवलं. "हा बघा काका, असा पांढरा. मागच्या रांगेत. मधे बेबी पिंक. आणि पुढे पर्पल. कळलं ना?"

काका म्हणजे आमचे हे, राधाकिशन, बंगल्याचे माळी. पायरीच्या खाली उन्हात उभे होते, टोपी काढून हातात धरलेली. बाई वर पोर्चच्या सावलीत, वेताच्या खुर्चीत. मी डबा घेऊन आले होते, तर मला कुणी ये म्हणालं नाही की जा म्हणालं नाही, म्हणून मी कुंडीशेजारी उभी राहून सगळं ऐकलं.

"लाल लावू का थोडं, बाईसाहेब?" ह्यांनी विचारलं. "लई झ्याक लाल हाय आपल्याकडं. मखमलीवानी."

"लाल तर नकोच. लाल म्हणजे टिपिकल."

ह्यांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, घ्या! ज्या बाईला गवार आणि घेवड्यातला फरक सांगता यायचा नाही तिनं रंग निवडायचे, आणि ज्यानं नऊ वर्षं फुलांचे कंद राखले त्यानं बैलासारखी मान हलवायची. टिपिकल म्हणे. हिच्या सासऱ्याच्या कपाळाला रोज हातभर लाल टिळा असतो, तो नाही वाटतं टिपिकल.

एवढ्यात तो सासराच बाहेर आला. विजयसिंह साहेब. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, अत्तराचा भपकारा सोडत. माझ्या नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान माणूस, पण चौतीस वर्षं झाली, हाक एकच.

"काय बे राधाकिशन, जमंल का? अठरा जानेवारीला एकसष्टी हाय माझी. मुंबईहून मंत्री येणार. फूल त्याच दिवशी फुललं पायजे. आधी न्हाई, मागून न्हाई."

"जमवतो साहेब."

"नाहीतर पप्पा, मी सांगितलंय तुम्हाला," तेजश्रीबाई म्हणाल्या. "पुण्याचा माझा माणूस तयार आहे. सगळं काढायचं, पेव्हर ब्लॉक टाकायचे, वीस गाड्यांचं पार्किंग होतं. मेंटेनन्सच नको."

साहेबांनी बागेकडे असं पाहिलं, जसं माणूस दारात आलेल्या दूरच्या नातेवाइकाकडे पाहतो. "ह्या बारीला बगू. रंग सुनबाई म्हणती तसा आला तर बाग राहील. न्हाई आला तर ब्लॉक. काय बे?"

"व्हय साहेब," आमचे हे म्हणाले.

बंगला तलवाड्याच्या बाहेर, गेवराईच्या रस्त्याला आहे. साहेबांनी आजवर चार पक्ष केले, आणि प्रत्येक वेळी बागेनं त्यांच्याबरोबर पक्ष बदलला. एका निवडणुकीला सगळा झेंडू उपटून पांढरी शेवंती लावली. पुढच्या निवडणुकीला शेवंती उपटून पुन्हा झेंडू. उपटणारे आणि लावणारे आमचे हेच. मी एकदा विचारलं होतं, "अहो, झेंडू कुटं गेलता का सोडून?" तर म्हणाले, "साहेबांनी सांगितलं." असा माणूस. देवानं तोंड दिलं ते भाकरी खाण्यापुरतं.

मी कडूबाई. माझ्या आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईनं असं नाव ठेवलं, की यमानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं. थुंकलं त्यानं, मी राहिले. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली. चाळीस पोरं, अकरा रजिस्टरं, आणि दर महिन्याला नवी माहिती मागणारे वरचे लोक, सगळ्यांना पुरून उरले. आणि नशिबात आला हा मौनीबाबा. मुलगी माजलगावला दिल्यापासून तर घरात भिंतींशी बोलायची पाळी आली.

ग्लॅडिओलसचं खूळही ह्यांचंच. नऊ वर्षांपूर्वी बीडला कृषी प्रदर्शनाला गेले होते. मी सांगितलं होतं, येताना मच्छरदाणी आणा. आणले काय, तर कागदी पुडीत पंचवीस कांदे. खाता येत नाहीत, फोडणीला टाकता येत नाहीत. म्हणे, ह्याला हातभर दांडा येतो आणि दांड्याला खालून वर एकेक फूल उमलत जातं. म्हटलं डोंबलाचं फूल, डास चावतात त्याचं काय करायचं? पण दर वर्षी लावायचे, फुलं गेली की पुढं पानं पिवळी पडेपर्यंत थांबायचं, कंद उकरायचे, सावलीत सुकवायचे आणि पुढच्या थंडीपर्यंत राखायचे, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. पंचविसाचे पाचशे झाले. माझ्या जुन्या लुगड्याच्या पाच पिशव्या स्वतः शिवल्या, टाके असे की बघून हसू यावं, आणि प्रत्येकीवर कॉपिंग पेन्सिलीनं रंगाचं नाव लिहिलं. दुधी, गुलाबी, वांगी, कुंकू, हळद. का, तर कंद वरून सगळे सारखेच, तपकिरी टरफलाचे. त्या पिशव्या आमच्या पत्र्याच्या खोलीत आढ्याला टांगलेल्या असायच्या. वाऱ्यावर राहिल्या म्हणजे कंद सडत नाही म्हणे. माझ्या औषधाच्या गोळ्या कुठं असतात ते ह्यांना माहीत नव्हतं, पण कुठली पिशवी कितव्या खिळ्याला, ते झोपेतही सांगितलं असतं.

तर रंग ठरले आणि पुढच्याच आठवड्यात मी दसरा काढला.

घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं. गोधड्या, वाकळा, पडदे, पोती, दोरीवरची चिंधीसुद्धा. कापडाचं काही न धुता राहिलं तर ते घर बाटलेलं, तिथं घट मांडायचा नाही. दोन दिवस उघडीप मिळाली तशी सगळी आळी कालव्यावर लोटली. मी गाठोडी बांधत होते तर शेजारची भिवराबाई दारातून आत डोकावली. तिला दुसऱ्याच्या घरातलं न धुतलेलं बरोबर दिसतं.

"अगं बाई, त्या पिशव्या राहिल्या की. पितरपाठात टांगलेल्या तशाच ठिवून घट मांडतीस व्हय?"

आता भिवराबाईनं म्हटलं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत आळीभर होणार. मी तरातरा गेले, पाचही पिशव्या खिळ्यावरून काढल्या आणि कोपऱ्यात भसाभसा उलट्या केल्या. कंद गडगडत एकमेकांत गेले. मी बघितलंही नाही. पिशव्या गाठोड्यात घातल्या आणि कालव्यावर गेले.

दगडावर पहिली पिशवी आपटली, तिच्यातून जांभळं पाणी सुटलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेन्सिलीचं जांभळं. दुधीही जांभळं, हळदही जांभळं. मी ओला हात तसाच धरून बसले. भिवराबाई विचारत होती, "काय गं, काटा गेला का?"

घरी येऊन बघितलं तर कोपऱ्यात एकच ढीग. मी दोन कंद उचलून उजेडाला धरले. हा तसा आणि तो तसा. कपाळ माझं!

सांगायला पाहिजे होतं, कळत होतं. पण मला आला राग. इतका जीव होता तर हात लावू नको म्हणून आधी सांगून ठेवायचं होतं. आणि कुणासाठी एवढं? त्या बाईसाठी, जिला पिवळा चीप दिसतो? मी पिशव्या वाळवल्या, अदमासानं कंद भरले, मोठे एकीत, बारके दुसरीत, आणि रेघेत अक्षरं काढली. दुधी, गुलाबी, वांगी, कुंकू, हळद. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, सगळ्या बीटमधल्या अंगणवाड्यांत वाखाणायचे. खोटं कशाला बोलू, शेवटचं अक्षर काढताना मला बरंसुद्धा वाटलं. मंत्री आलेत, बाई नटून उभ्या आहेत आणि त्यांच्या बेबी पिंकमधून भस्सकन हळदी रंग वर आलाय, हे मी डोळ्यांपुढं आणलं आणि एकटीच हसले.

संध्याकाळी हे आले. पत्र्याच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी चुलीपुढून ओरडले, "पिशव्या धुतल्यात मी. दसरा हाय."

"बरं," म्हणाले. हात धुतले आणि जेवायला बसले.

बघा. डोळ्यांपुढं घडलं तरी कळत नाही. त्या दिवसापासून चार-पाच संध्याकाळी हे त्या खोलीत पोतं अंथरून बसले. विचारलं तर म्हणाले, कंद निवडतोय. मी म्हटलं, कांद्यात काय निवडायचं असतं, आणि दार लोटून घेतलं.

दिवाळीच्या पाडव्याला लागवड केली. त्या दिवशी मीही बंगल्यावर गेले, मदतीला म्हणून. खरं म्हणजे बघायला. ह्यांनी दोरी ताणली, चर पाडले, वीत-वीत अंतरावर कंद ठेवत गेले. मागं दुधी, मधी गुलाबी, पुढं वांगी, तोंडातल्या तोंडात म्हणत. कुंकू आणि हळदीच्या पिशव्या घरीच ठेवल्या होत्या. प्रत्येक कंद मातीत ठेवताना त्याचं डोकं वर आहे का बघायचे, बोटानं माती दाबायचे, मग पुढचा. पोराला झोपवावं तसं. माझ्या पोरीला ह्यांनी एकदा तरी असं झोपवलं असतं तर मी पाय धुऊन पाणी प्यायले असते.

माझ्या घशाशी आलं होतं, की थांबा. पण तेजश्रीबाई गच्चीवरून ओरडल्या, "काका, लाइन सरळ आहे ना?" आणि हे म्हणाले, "व्हय बाईसाहेब." मग मी पुढचा कंद ह्यांच्या हातात दिला आणि मनातच म्हटलं, लाइन सरळच आहे बाई, पुढचं पुढं बघा.

नोव्हेंबर गेला. तलवारीसारखी पानं वर आली, सगळी हिरवी, सगळी सारखी. मला उगाच वाटलं होतं की माझं हसू तोपर्यंत टिकेल. टिकलं नाही. रोज डबा द्यायला जायचं निमित्त करून मी त्या पानांकडे बघून यायला लागले. भिवराबाई म्हणालीसुद्धा, "म्हातारपणी नवऱ्याचा लई पुळका आलाय."

डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. हे सर्दी-तापानं फणफणले होते, तरी पहाटेच उठून निघाले. मी म्हटलं, "एक दिवस न्हाई गेलं तर काय साहेबाचा बंगला पडतो का?"

"थंडीनं फूल मागं सरकतं," म्हणाले. "दोन दिस जरी सरकलं तरी एकसष्टी हुकंल. वाफ्याला कडंनं उसाचं पाचट लावायचंय." चप्पल घालता घालता थांबले. "एवढं नीट झालं ना, की साहेब बाग ठेवत्याल. मग आजून धा वर्षं मला काय बी नको."

चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता. मी म्हणाले, "अहो..."

"काय?"

"कानाला रुमाल बांधा."

बांधला आणि गेले. मी दारातच बसून राहिले. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच किळस आली. साहेबाला नावं ठेवायची, सुनेला नावं ठेवायची, नवऱ्याला मुका म्हणायचं; आणि मी कोण लागून गेले? एका माणसानं साऱ्या जन्मात एक गोष्ट मागितली, बाग राहू दे म्हणून, आणि ती मी कालव्यावर धुऊन आले होते. आता सांगून काय होणार, जमिनीतून कंद काढून का निवडता येतात? म्हणून पुन्हा गप्प. गप्प बसणाऱ्यालाही कारण सापडतंच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. हे विहिरीवर मोटार बघायला गेलेले. वाफ्यात दांडे कंबरेएवढे झाले होते आणि खालच्या कळ्यांनी रंग दाखवला होता. डबा पोटाशी धरून मी पुढं गेले.

मागं पांढरे. मधे गुलाबी. पुढं जांभळे.

मी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत गेले आणि परत आले. जांभळ्यांच्या रांगेत एक लाल तेवढा शिरलेला, बाकी सुतात. मी तिथंच मातीत टेकले. हे आले, माझ्या हातातून डबा घेतला.

"कसं झालं हे?" मी म्हटलं.

"काय?"

"मी सगळे एकात एक केलते. दसऱ्याला. पाची पिशव्या."

"हां," ते म्हणाले. "अक्षर तुझं हुतं."

"मग?"

"मग निवडलं. टरफल काढून बगितलं. लाल-जांभळ्या फुलाचा कंद आत लालसर आसतो. पांढऱ्याचा फिक्का. लालातनं जांभळा अन् गुलाबीतनं पिवळा काढायला येळ लागला, पर त्येंचं बूड येगळं आसतं. नऊ वरीस हाताखालून गेल्यात." मग वाफ्याकडे बघून म्हणाले, "एक लाल चुकला बग."

"आणि मला काय बोलला न्हाईत? इतके दिवस? मी झुरत हुते हितं!"

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, भाकरी मोडली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"म्हणलं, तू सांगशील," ते म्हणाले.

मी उठले आणि घरी आले.

सतराला ब्लॉकचा ट्रक आला.

मी फाटकातून आत येत होते तेव्हा माणसं भिंतीला लागून ब्लॉक रचत होती. लाल आणि करडे, दोन रंगांत. देखरेखीला ठेकेदाराचा माणूस होता, सुग्रीव नावाचा, कानाला फोन लावून.

मी म्हटलं, "भाऊ, ब्लॉक कुटं टाकणार हायत?"

"कुटं म्हंजी? हितंच, बागंत. एकोणीसला सकाळी जेसीबी येतोय."

"आवो, पण साहेब म्हणलेते की रंग नीट आला तर बाग राहील. आलाय नीट. बगा तर."

त्यानं बघितलं नाही. "कसला रंग, मावशी? आर्डर तर दसऱ्यालाच गेलीय. सुनबाईनं स्वतः डिझाइन पसंत केलंय."

दसऱ्याला. म्हणजे ह्यांनी पाडव्याला दोरी ताणली तेव्हा ब्लॉक साच्यातून निघालेसुद्धा होते, आणि वर गच्चीतून आवाज येत होता, लाइन सरळ आहे ना. बागेचं मरण ठरलेलं, फक्त एकसष्टीपर्यंत तिनं फुलून दाखवायचं होतं. कसायानं शेळीला घुंगरू बांधावं तसलं काम. हे तिथंच होते, चार हातांवर, पाचट गोळा करत. त्यांनी ऐकलं होतं. पाचटाची पेंढी बांधली आणि उकिरड्याकडे नेऊन टाकली.

अठराला फुलं त्यांच्या शब्दाप्रमाणे उमलली. खालची चार-पाच पूर्ण, वर कळ्या. मी पांढरं लुगडं नेसलेल्या बायका पाहिल्यात, पांढरं निशाण पाहिलंय, पण पांढरा रंग असा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि दहा वाजता मांडववाल्यांनी त्याच वाफ्यापुढं लोखंडी सांगाडा उभा केला. दोन पाय जांभळ्या रांगेत रोवले. त्यावर वीस फुटी फ्लेक्स चढवला: हात जोडलेले साहेब, वर मंत्री, खाली बारक्या गोलांत शुभेच्छुकांची डोकी. वाफा मागं पार दडून गेला.

हे गेले. मला वाटलं नव्हतं, पण गेले. "बाईसाहेब, फुलं झाकत्यात."

तेजश्रीबाईंच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात यादी. "काका, फोटोत मागे फ्लेक्सच यायला हवा ना. आणि स्टेजला फुलं आणलीत की संभाजीनगरहून. जरबेरा. बघितले का, काय मस्त आलेत!"

"तुमीच रंग सांगितलते," हे म्हणाले.

"कशाचे?" बाई म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. त्यांना आठवत नव्हतं.

भाषणं झाली. साहेब हे शेतकऱ्याचे कैवारी, साहेब हे वटवृक्ष, साहेब निसर्गप्रेमी. निसर्गप्रेमी म्हणणारा ब्लॉकच्या ढिगाला टेकून बसला होता. मग सत्काराची रांग लागली. जुन्या अंगणवाडीताईंची रांग वेगळी होती, तिच्यात मीही उभी राहिले. बाकीच्यांच्या हातात शाल-नारळ. माझे हात रिकामे. ज्या माणसाला मी चौतीस वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्यापुढं मी हात जोडले.

"साहेब, मी राधाकिशनची मंडळी. एक मागणं हाय. उद्या जेसीबी थांबवा. पन्नास दिस. फूल झाल्यावर कंद पिकायला पन्नास दिस लागतेत, आत्ता उकरला तर वाया जातो. पन्नास दिवसांनी आमीच आमचे कंद काढून न्यू. मग टाका तुमी ब्लॉक."

साहेबांनी कान पुढं केला. "कसलं कंद?"

"फुलाचे. नऊ वरसं राखलेत ह्यांनी."

"फुलं व्हय!" साहेबांचा चेहरा फुलला. "मग लाजती कावून? घिऊन जा की. समदी घिऊन जा! तुमचीच हायत." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत माइकवाल्याकडे वळून म्हणाले, "राधाकिशनला आता उन्हातान्हाचं काम न्हाई. त्येला मी गेटवर बसवणार हाय, खुर्चीवर. म्हाताऱ्या माणसाचं आपण न्हाई बगायचं तर कुणी? ए, फोटो घे रे ह्या बाईचा."

टाळ्या पडल्या. माझे जोडलेले हात तसेच, आणि कॅमेऱ्याचा लखलखाट. मी अजून काहीतरी बोलत होते, पण माझ्या मागची बाई मला कोपरानं ढकलत होती, तिच्या हातातला नारळ जड झाला होता.

पाचला मंत्र्यांच्या गाड्या गेल्या, मांडव उलगडायला लागला. फ्लेक्स खाली आला तसा वाफा उघडा पडला. जांभळ्यांतले दहा-बारा दांडे सांगाड्याखाली मोडले होते. हे एक बादली पाणी आणि दोन चाकू घेऊन आले. साहेबांनी फुलं न्या म्हटल्याचं त्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं, माइक चालू होता.

मी एक चाकू घेतला आणि पहिला दांडा बुडातून कापला. रागानंच कापला. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"बुडातून न्हाई. चार पानं राहू दे खाली."

"उद्या जेसीबी येणार हाय."

"व्हय."

"मग चार पानं कावून?"

"कंद पोसायला चार पानं लागतेत," ते म्हणाले आणि पुढच्या दांड्याकडे वळले.

माझ्या ओठावर आलं होतं सगळं. वेडे आहात का तुम्ही, ज्याला सकाळी पोटात लोखंडी दात लागणार त्याला आज काय जेवू घालताय. पण ते खाली वाकून पानं मोजत होते. एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्याच्या वर तिरपा काप. दांडा बादलीत. पुन्हा एक, दोन. मोडलेल्यांचाही काप तसाच नीट घेत होते. बघायला कुणी नव्हतं, मांडववाले बांबू सोडत होते.

"मी सांगायला पायजे हुतं," मी म्हणाले. "दसऱ्यालाच. चुकलं माझं."

ते थांबले. माझ्या हातातला चाकू बघितला, अंगठा लावून पाहिला.

"ह्येला धार न्हाई," म्हणाले, आणि स्वतःचा मला दिला.

मी पुढचा दांडा धरला. पांढरा होता. खालून पानं मोजली, चौथ्याच्या वर चाकू ठेवला, आणि तिरपा कापला.